मगरीब शहागडची, घड्याळ मिर्झापूरचे

रमजानमध्ये शहागडची संध्याकाळ मगरीबच्या तासभर आधीपासूनच धावपळीची होते. कुठे भजी तळली जातात, कुठे कलिंगड कापले जाते, खजुराचे पुडे बांधून घेतले जातात. जालन्याची मोसंबी घरात असली तर रस निघतो. दस्तरखान मांडून झाले की रोजेदारांचे कान मशिदीच्या भोंग्याकडे आणि डोळे मोबाइलच्या पडद्याकडे लागतात. गोदावरी जिकडून वाहत येते त्या पैठणच्या दिशेला सूर्य कलतो. अशा वेळी घरातल्या एखाद्या मोबाइलमधून अजान सुरू होते आणि शेजारच्याचा मोबाइल मात्र गप्प असतो. त्याच्या ॲपप्रमाणे अजून आठ-दहा मिनिटे बाकी असतात. खजुराकडे गेलेला हात तसाच थांबतो. खरी वेळ कोणाची?

रोजेदारासाठी हा किरकोळ प्रश्न नाही. सूर्य मावळण्याच्या एक मिनिट आधी जरी पाणी प्यायले, तरी दिवसभराचा रोजा गेला आणि त्याची कजा नंतर करावी लागते. उलट सूर्य मावळल्यावर विनाकारण ताटकळत बसणेही योग्य मानलेले नाही. पहाटे सहरीचे तसेच. फजरची वेळ सुरू झाल्यावर एक घास घेतला तरी रोजा होत नाही. पूर्वी हा हिशेब मशिदीत लावलेल्या सहर-इफ्तारच्या तक्त्यावर चालत असे. आज तो तक्ता तयार करण्याचे काम मोबाइलमधले सॉफ्टवेअर करते आणि तक्ता करणारा माणूस शहागडात नसतो. तो बंगळुरूत असेल, लंडनमध्ये असेल किंवा कैरोत. गोदाकाठचे हे गाव त्याने नकाशावरही पाहिलेले नसते.

या हिशेबाची पहिली मेख आपल्या घड्याळातच आहे. भारताची प्रमाणवेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे आणि ती ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बांधलेली आहे. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. अंबड तालुक्यातले शहागड या रेषेच्या पश्चिमेला पावणेसात अंशांहून थोडे जास्त दूर आहे. म्हणजे शहागडचा सूर्य मिर्झापूरच्या घड्याळापेक्षा साधारण २७ मिनिटे मागे चालतो. मुंबईत हा फरक ३८-३९ मिनिटांचा आहे, नागपुरात १३-१४ मिनिटांचा. मार्च महिन्यात दिवस-रात्र जवळजवळ सारखे असतात, तेव्हा हा फरक जसाच्या तसा इफ्तारमध्ये उतरतो. नागपूरची मगरीब शहागडच्या आधी सुमारे १३ मिनिटे होते, मुंबईची शहागडच्या नंतर सुमारे ११ मिनिटांनी. शहागडच्या रोजेदाराने टीव्हीवर मुंबईची अजान ऐकून रोजा सोडला तर तो थोडा जास्त भुकेला राहील, एवढेच. नागपूरच्या वेळेने सोडला तर रोजाच गेला.

हिंदू शेजाऱ्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. संकष्टीचा उपास चंद्रोदयाला सुटतो आणि भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरमध्ये चंद्रोदयाच्या वेळा शहरवार दिलेल्या असतात. मुंबईचा चंद्र वेगळा, नागपूरचा वेगळा. उपास आकाशाशी बांधलेला असतो आणि घड्याळ सरकारशी, हे महाराष्ट्रातल्या घराघरांत ठाऊक आहे.

सरकारचे घड्याळ सर्वांनी मुकाट्याने मानले, असेही नाही. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबईने ती बराच काळ मनावर घेतली नाही. मुंबई महापालिका १९५५ पर्यंत आपल्या ‘बॉम्बे टाइम’लाच धरून होती. म्हणजे एकाच शहरात रेल्वेची वेळ एक आणि महापालिकेची वेळ ३९ मिनिटे मागे. दुसऱ्या महायुद्धात तर हिंदुस्थानचे घड्याळ एक तास पुढे केले गेले होते. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारतीय वेळ ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढे होती. परदेशात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात, त्याचाच हा युद्धकालीन भाऊ. त्या तीन वर्षांत जन्मलेल्या आजोबांची पत्रिका आज संगणकावर काढायची तर सॉफ्टवेअरला हा एक तास माहीत असावा लागतो. नसेल तर लग्नरास सरकते आणि दोष ज्योतिषाला लागतो.

हे सगळे लक्षात कोण ठेवते? जगातल्या बहुतेक मोबाइल आणि संगणकांत एक लहानशी नोंदवही असते. तिचे नाव टाइम झोन डेटाबेस. अभियंते तिला ‘टीझेडडेटा’ म्हणतात. अमेरिकेतल्या आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात तिची सुरुवात केली. पुढे तिची देखभाल लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले पॉल एगर्ट यांच्याकडे आली. २०११ मध्ये एका ज्योतिष सॉफ्टवेअर कंपनीने या नोंदवहीवर हक्क सांगत खटला भरला. तो पुढे मागे घेतला गेला, पण तेव्हापासून ही वही इंटरनेटचे क्रमांक आणि नावे सांभाळणाऱ्या आयाना या संस्थेच्या छत्राखाली आहे. कोणत्या देशाने कोणत्या तारखेला घड्याळ किती हलवले, हे तिच्यात ओळीने लिहिलेले असते. भारताची १९४२ची ती ओळही तिच्यात आहे. हे काम बहुतांश स्वयंसेवकांच्या बळावर चालते. आपला रोजा त्यांच्या एका ओळीवर अवलंबून असतो, याची त्यांना कदाचित कल्पनाही नसेल.

या वहीत संपूर्ण भारतासाठी एकच नाव आहे: एशिया/कोलकाता. २००८ पर्यंत ते एशिया/कॅलकटा असे लिहिले जाई आणि काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अजूनही तसेच दिसते. मुंबई, दिल्ली, शहागड अशा वेगळ्या नोंदी नाहीत. लागतही नाहीत, कारण घड्याळ सगळीकडे एकच आहे. घोळ होतो तो इथे. हे नाव घड्याळाचे आहे, गावाचे नाही. पण एखाद्या घाईत असलेल्या प्रोग्रामरने मोबाइलला ‘तू कुठे आहेस’ असे विचारण्याऐवजी ‘तुझा टाइम झोन कोणता’ असे विचारले आणि मिळालेल्या उत्तरातल्या शहराचा सूर्यास्त काढला, तर शहागडच्या मोबाइलवर कोलकात्याची इफ्तार येईल. कोलकात्यात सूर्य शहागडच्या सुमारे ५० मिनिटे आधी मावळतो. भर उन्हात, पावणेसहाच्या सुमारास अजान झाली तर कोणीही चूक ओळखेल. पण लोकेशन बंद असल्यामुळे ॲपने जवळचे मोठे शहर म्हणून पुणे धरले, तर सात-आठ मिनिटांचा फरक पडतो आणि तो ओळखू येत नाही. दस्तरखानावर गप्प बसलेला मोबाइल बहुधा असाच दुसऱ्या शहरात बसलेला असतो.

पहाटेची चूक आणखी लपून राहते. सूर्यास्त डोळ्यांनी दिसतो, फजरची वेळ मात्र सूर्य क्षितिजाखाली किती अंश आहे यावरून काढतात आणि त्याबाबत संस्थांची मते वेगवेगळी आहेत. आपल्याकडे प्रचलित असलेल्या कराची विद्यापीठाच्या पद्धतीत १८ अंश धरतात, मक्केच्या उम्मुल कुरा पद्धतीत साडेअठरा, इजिप्तच्या पद्धतीत साडेएकोणीस, तर उत्तर अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध पद्धतीत १५. ॲपच्या सेटिंगमध्ये ही यादी असते आणि तिथे सहसा कोणी फिरकत नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकाने सुचवलेले ॲप उतरवून घेतले आणि पद्धत १५ अंशांवरच राहिली, तर शहागडात फजर १२-१३ मिनिटे उशिरा दाखवली जाईल. तेवढ्या वेळात घरातले सगळे निवांत चहा पीत असतील.

आता शहागडच्या बाहेर पडू. मराठवाड्यातली असंख्य घरे आज दोन-तीन देशांत विभागलेली आहेत. समजा, एका घरातली अम्मी शहागडला आहे, थोरला मुलगा रियाधला, धाकटा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आणि लेक न्यू जर्सीत. थोरल्याचा हिशेब सोपा. सौदी अरेबिया भारताच्या अडीच तास मागे आहे आणि बारा महिने तेवढाच मागे राहतो. तिथे घड्याळ उन्हाळ्यासाठी हलत नाही. लेकीकडे हलते. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळ एकदम तीनवर नेतात. यंदा, २०२६ मध्ये, हा रविवार ८ मार्चला, म्हणजे भर रमजानमध्ये आला आहे.

गंमत अशी की न्यू जर्सीत इफ्तारची वेळ होते तेव्हा शहागडात सहरीची गडबड असते. ७ मार्चला तिथे सूर्य सहाला पाच-सहा मिनिटे असताना मावळतो आणि त्या क्षणी शहागडात पहाटेचे चार वाजून पंचवीस मिनिटे झालेली असतात. लेकीने इफ्तारनंतर, तिच्या घड्याळात संध्याकाळी सहाला, रोज वाजणारी आठवण मोबाइलमध्ये लावली आहे: ‘अम्मीला फोन.’ शहागडात तेव्हा साडेचार. अम्मी नुकतीच उठून तवा ठेवते आहे, तोच फोन येतो.

‘अम्मी, उठलीस का गं?’

‘उठले की. तुझा रोजा सुटला? काय खाल्लंस?’

८ मार्चला सूर्य आपल्या जागी असतो, शहागडचे घड्याळही जागेवर असते. न्यू जर्सीचे घड्याळ मात्र तासभर पुढे गेलेले असते. तिथला सूर्य आता सात वाजायच्या सुमारास मावळतो, पण शहागडच्या हिशेबाने तीच पहाटेची चार पंचवीस. सहाची आठवण आपल्या वेळी वाजते आणि फोन शहागडला साडेतीनला येतो. तरावीह पढून उशिरा झोपलेली अम्मी दचकून उठते. इतक्या रात्री परदेशातून फोन आला की आईच्या मनात आधी काय येते, ते सांगायला नको. कॅलेंडर चुकले नाही, मोबाइलही चुकला नाही. ‘सहा वाजता’ म्हणजे कोणाच्या घड्याळात, की सूर्य मावळल्यावर, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

लेकीच्या स्वतःच्या सहरीचाही एक प्रश्न त्याच रात्री असतो. तिने पहाटे अडीचचा गजर लावला असेल, तर त्या रात्री अडीच वाजतच नाहीत. एक एकोणसाठनंतर थेट तीन. चांगले सॉफ्टवेअर असा गजर साडेतीनला किंवा लगेच तीनला वाजवते, वाईट सॉफ्टवेअर वाजवतच नाही. ब्रिटनमध्ये हेच मार्चच्या शेवटच्या रविवारी होते. २०२४ मध्ये तो रविवार ३१ मार्चला, रमजानमध्येच आला आणि लंडनची इफ्तार एका रात्रीत साडेसहावरून साडेसातवर गेली.

काही मुस्लिम देशांनी यावर वेगळाच उपाय शोधला: रमजानपुरते घड्याळ मागे. मोरोक्कोने ऑक्टोबर २०१८ मध्ये ग्रीनिचच्या एक तास पुढची वेळ कायमची स्वीकारली, पण रमजानमध्ये ती तासभर मागे घेतली जाते. २०२५ मध्ये २३ फेब्रुवारीला घड्याळ मागे झाले आणि ६ एप्रिलला पुन्हा पुढे आले. इफ्तार तासभर लवकर होते असे वाटते, इतकेच. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंतचा रोजा त्याने एका मिनिटानेही कमी होत नाही. बदलते ते कचेऱ्या सुटण्याचे आणि दस्तरखानावर पोहोचण्याचे गणित.

पण सॉफ्टवेअरची पंचाईत पाहा. जगभर घड्याळ बदलण्याचे नियम ‘मार्चचा दुसरा रविवार’ अशा सौर कॅलेंडरच्या भाषेत लिहिलेले. रमजान मात्र दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. मोरोक्कोचा नियम एका ओळीत मावत नाही. त्यामुळे टीझेडडेटाच्या वहीत मोरोक्कोसाठी २०८७ सालापर्यंतचे रमजान आधीच गणिताने मांडून ठेवले आहेत. सरकारने चंद्र पाहून किंवा अन्य कारणाने वेगळी तारीख ठरवली, तर ओळ बदलायची. २०१८चा तो कायमस्वरूपी निर्णयही घड्याळ मागे होण्याच्या जेमतेम दोन दिवस आधी जाहीर झाला होता. एवढ्या वेळात जगभरचे मोबाइल अद्ययावत होत नाहीत, त्यामुळे मोरोक्कोतले कित्येक मोबाइल ठरल्याप्रमाणे मागे गेले आणि भिंतीवरची घड्याळे जागेवर राहिली.

याहून मोठा घोळ लेबनॉनमध्ये झाला. २०२३ साली २३ मार्चला रमजान सुरू झाला. त्याच दिवशी काळजीवाहू पंतप्रधान नजीब मिकाती यांनी जाहीर केले की त्या आठवडाअखेर पुढे जाणारे घड्याळ आता २० एप्रिलच्या रात्री, रमजानच्या शेवटी पुढे जाईल. मॅरोनाइट चर्चने ते मानले नाही, काही वृत्तवाहिन्यांनी जुन्या नियमाप्रमाणे आपली घड्याळे पुढे केली, मोबाइल कंपन्यांना ग्राहकांना घड्याळ हाताने लावायला सांगावे लागले. एका लहानशा देशात दोन वेळा चालू झाल्या आणि वादाला मुस्लिम-ख्रिस्ती असा रंग चढला. २७ मार्चला मंत्रिमंडळाने निर्णय मागे घेतला आणि घड्याळ २९ मार्चच्या मध्यरात्री पुढे गेले. टीझेडडेटाची ‘२०२३-बी’ ही आवृत्ती मिकातींचा निर्णय नोंदवून निघाली होती. २८ मार्चला ‘२०२३-सी’ काढून तो पुसावा लागला. नवी आवृत्ती पुन्हा जुन्यासारखीच. ज्या रोजेदारांसाठी हे केले असे सांगितले गेले, त्यांचा रोजा या आठवडाभर सूर्याप्रमाणे सुरू झाला आणि सूर्याप्रमाणेच सुटला. इजिप्तनेही २०१४ मध्ये उन्हाळी वेळ आणली, रमजानपुरती काढली आणि ईदनंतर परत लावली. २०१६ मध्ये ती पुन्हा लागू व्हायची होती, तर दोन-तीन दिवस आधी रद्द केली.

या अनुभवांतून पुण्यातल्या त्या धाकट्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांनी जे शिकायचे ते थोडे उलटे आहे. त्यांना पहिल्या दिवसापासून शिकवतात की प्रत्येक वेळ ‘यूटीसी’ या जागतिक वेळेत साठवा आणि दाखवताना स्थानिक करा. घडून गेलेल्या गोष्टीसाठी हे अगदी बरोबर आहे. शहागडच्या दुकानातला यूपीआयचा व्यवहार ज्या क्षणी झाला तो क्षण पुन्हा बदलणार नाही. पण बैरूतच्या एखाद्या दवाखान्यात २७ मार्चला सकाळी दहाची वेळ घेतली असेल, तर ते दहा तिथल्या भिंतीवरच्या घड्याळाचे दहा आहेत. ते महिनाभर आधी यूटीसीत रूपांतरित करून ठेवले आणि मध्येच सरकारने घड्याळ बदलले, तर रुग्ण नऊला तरी पोहोचेल किंवा अकराला. अशी पुढची वेळ तिथल्या घड्याळात आणि तिथल्या टाइम झोनच्या नावानेच साठवावी लागते. नुसते ‘अधिक एक तास’ किंवा ‘आयएसटी’ असे लिहूनही भागत नाही. आयएसटी म्हणजे भारतात भारतीय वेळ, इस्रायलमध्ये इस्रायलची, आयर्लंडमध्ये आयरिश.

इफ्तार तर या दोन्हींत बसत नाही. ती यूटीसीची नाही आणि भिंतीवरच्या घड्याळाचीही नाही. तिच्यासाठी गावाचे अक्षांश-रेखांश आणि तारीख साठवायची, सूर्याचे गणित त्या दिवशी करायचे आणि टाइम झोनची वही अगदी शेवटी, आकडा पडद्यावर दाखवतानाच उघडायची. अनेक ॲप महिनाभराचा तक्ता पहिल्या दिवशी बनवून ठेवतात आणि ८ मार्चनंतर न्यू जर्सीच्या मशिदीत एक तासाने चुकीची वेळ सांगतात, ते हा क्रम उलटा केल्यामुळे.

घड्याळच सूर्याला बांधण्याचा प्रयत्नही माणसाने करून पाहिला आहे. उस्मानी तुर्कस्तानात सूर्यास्ताला बारा वाजले असे धरत आणि घड्याळ रोज थोडे लावून घेत. तुर्कस्तानने ही पद्धत १९२६ मध्ये सोडली. टीझेडडेटातही एकेकाळी एशिया/रियाध८७, रियाध८८ आणि रियाध८९ अशी तीन विचित्र नावे होती. त्यांत १९८७ ते १९८९ या वर्षांतला रियाधचा सौर वेळ दिवसागणिक सेकंदांच्या फरकाने नोंदवला होता. ती नंतर काढून टाकली. रोज बदलणारे घड्याळ संगणकाला जड जात नाही, माणसांना जाते. बस त्याच्यावर चालवता येत नाही.

शहागडच्या रोजेदाराला एवढे खोलात जायची गरज नाही. मोबाइलचे लोकेशन चालू करून ॲपमध्ये गावाचे नाव खरेच शहागड किंवा अंबड दिसते का, ते पाहायचे. पद्धतीच्या यादीत १८ अंशांची निवड आहे का, ते तपासायचे. मग आलेली वेळ मशिदीतल्या तक्त्याशी ताडायची. तक्त्यात सावधगिरीची दोन-तीन मिनिटे धरलेली असतात, त्यामुळे तेवढा फरक राहणारच. फरक सात, अकरा किंवा तेरा मिनिटांचा निघाला, तर मोबाइल पुण्यात, मुंबईत किंवा नागपुरात बसला आहे असे समजायचे.

आणि न्यू जर्सीतल्या लेकीने ८ मार्चपासून फोनची आठवण सहावरून सातवर न्यावी, किंवा ती शहागडच्या साडेचारला, भारताच्या टाइम झोनमध्ये लावावी. पुढच्या वर्षी हा प्रश्न येणार नाही. २०२७ मध्ये अमेरिकेतले घड्याळ १४ मार्चला बदलेल, तोवर ईद होऊन गेलेली असेल. २०३५ च्या आसपास मात्र रमजान नोव्हेंबरच्या सुरुवातीला असेल. तेव्हा तिथले घड्याळ तासभर मागे येते आणि त्या रात्री दीड दोनदा वाजतात.